घडीबाई कुठे जाते

शुक्रवारी पाळी संपल्यावर घडीबाईने आपला ॲप्रन धुतला, वाळवला, त्याला इस्त्री केली, चौकोनी घडी घातली आणि मुकादमाच्या टेबलावर आणून ठेवला.

"सोमवारपासून मी येणार नाही," ती म्हणाली.

"किती दिवस?" मुकादमाने मान वर न करता विचारलं.

"येणारच नाही."

"बरं," तो म्हणाला आणि हातातली गाडीच्या मालाची यादी वाचू लागला. असलं त्याने पुष्कळ ऐकलं होतं. माणसं रागाच्या भरात जातात आणि पोटासाठी परत येतात, हा त्याचा बावीस वर्षांचा अनुभव. ही बाई तर रागावलेलीही दिसत नव्हती.

सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी एका मोठ्या हॉटेलने दोनशे चादरी परत पाठवल्या. कडेला कड जुळत नव्हती, घडीत हवा राहिली होती, वरची चादर उचलली की खालच्या तीन सोबत घसरत होत्या. मुकादमाने एक चादर उघडून पाहिली आणि डोक्याला हात लावला. ही घडी नव्हतीच, गाठोडं होतं.

धुलाईघर मोठं होतं. शहरातली तीन रुग्णालयं आणि आठ-दहा हॉटेलं यांच्या चादरी, उशांचे अभ्रे आणि टॉवेल तिथे यायचे. मधोमध होता रोलर. आतून वाफेने तापलेलं, दोन पलंगांइतकं लांब असं एक आडवं लोखंडी लाटणंच. एका बाजूने दोघींनी ओली चादर आत सरकवायची, दुसऱ्या बाजूला दोघींनी ती कडक आणि गरम अशी झेलून घडी घालायची. अकरा वर्षं घडीबाई झेलण्याच्या बाजूला उभी होती. चादर हातात पडायच्या आधीच कोणती कड वाकडी येतेय हे तिला कळायचं. म्हणून तिचं नाव घडीबाई. खरं नाव हजेरीपुस्तकात होतं, पण ते कुणी वाचत नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत बायकांच्या गप्पांना ऊत आला. एक म्हणाली, तिला दुसऱ्या धुलाईघराने पळवलं. दुसरी म्हणाली, लग्न करतेय. तिसरी म्हणाली, आजारी असेल, सांगत नसेल. चौथीने मात्र सगळ्यांच्या मनातलं बोलून टाकलं.

"बिनकामी पगार सुरू झालाय ना. आता कशाला येईल?"

बिनकामी पगार हे लोकांनी ठेवलेलं नाव. सरकारी कागदावर त्याला मूलभूत उत्पन्न म्हणत. नदीच्या अलीकडच्या चार वस्त्यांत प्रयोग म्हणून दोन वर्षं हे चालणार होतं. प्रत्येक प्रौढ माणसाला दरमहा ठरावीक रक्कम मिळायची. काम करा, नका करू. गरीब असा, नसा. अर्ज नाही, अट नाही, कुणी येऊन चूल तपासणार नाही. रक्कम एवढीच की भाडं निघेल, पोट भरेल, चैन होणार नाही. तीन महिने झाले होते आणि चौकाचौकात वादाला तोंड फुटलं होतं.

मुकादमाचं मत पक्कं होतं. फुकट मिळालं की माणूस सडतो. त्याला पुरावा शोधायला लांब जावं लागत नव्हतं. पुरावा त्याच्याच घरात, पुढच्या खोलीतल्या पलंगावर पडलेला असायचा. बायकोचा धाकटा भाऊ. आधी तो एका गोदामात खोकी उचलायचा. पहिला बिनकामी पगार जमा झाला त्याच दिवशी त्याने गोदाम सोडलं आणि पलंग धरला.

मुकादमाला स्वतःलाही रक्कम मिळत होती, कारण तोही याच वस्तीत राहत होता. त्याने तिला हात लावला नव्हता. "आपण कमावतो ते खातो," असं तो सगळ्यांना सांगे. बायकोच्या खात्यावरही तेवढीच जमा व्हायची. तिचं ती काय करते, हे त्याने विचारलं नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी मालकाने त्याला केबिनमध्ये बोलावलं. मालक तिशीतला, धुलाईघर वडिलांकडून आलेलं, आवाज मात्र वडिलांपेक्षा मोठा.

"ती बाई का गेली ते शोधून काढा," मालक म्हणाला. "आजार असेल तर ठीक. पण हा फुकट्या पगाराचा रोग असेल तर तो पसरेल. आधीच कोणी जादा पाळी करायला तयार नाही."

ते खरं होतं. पूर्वी संध्याकाळी "दोन तास थांबा गं" म्हटलं की बायका न बोलता थांबायच्या. आता कुणी म्हणे, मुलाचं पाहायचंय. कुणी म्हणे, पाय दुखतात. आणि एकीने तर कारणच दिलं नाही. नुसतं "नाही" म्हणाली आणि निघून गेली. मुकादमाला त्या "नाही"चं दोन दिवस नवल वाटत राहिलं होतं.

"तिला तुम्ही विचारलं नाहीत, का जातेस म्हणून?" मालकाने विचारलं.

 विचारलं नव्हतं. तिथेच त्याच्या लक्षात आलं की अकरा वर्षांत त्याने त्या बाईला "किती झाल्या?" आणि "अजून किती राहिल्या?" यापलीकडे काहीच विचारलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी तो तिच्या घरी गेला. पत्ता हजेरीपुस्तकातून घेतला. अरुंद गल्ली, दुसरा मजला, दाराला कुलूप. दाराशेजारी एका फळीवर पुरुषाच्या बुटांचा जोड होता. जुनाच, पण पुसून चकचकीत केलेला. म्हणजे घरात पुरुषमाणूस आहे तर, त्याने मनाशी नोंद केली.

समोरच्या खोलीत एक शिलाईवाली मशीनवर बसली होती. तिने पाय न थांबवताच सांगितलं, "सकाळी साडेनऊला जाते. दोनच्या सुमाराला येते. आज बाजारात गेली असेल."

"रोज जाते? कुठे?"

"सांगत नाही. पण हल्ली जरा..." शिलाईवालीने पाय थांबवला आणि आवाज खाली आणला. "येताना बोटं नाचवत येते. अशी. एकटीच. चालता चालता हातवारे. आम्हाला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला की काय. पण बाकी ठीक बोलते."

मुकादम जिना उतरला तो या बोटांचा विचार करतच. बोटं नाचवते म्हणजे काय? मोजते? कुठलं नवं मशीन शिकतेय? रात्रीच्या जेवणाला बसल्यावरही त्याचं लक्ष नव्हतं. बायकोने दोनदा वाढू का विचारलं, तेव्हा त्याने एकदा हो म्हटलं आणि एकदा काहीच म्हटलं नाही.

"दाजी, तुम्हाला त्या बाईने पछाडलंय," मेहुणा पलंगावरून म्हणाला.

"तू गप्प बस. तुला कामाचं नाव घ्यायचा हक्क नाही."

"मी कुठे कामाचं नाव घेतलं?" मेहुणा म्हणाला, आणि तेही खरंच होतं.

शुक्रवारी सकाळी मुकादमाने बावीस वर्षांत पहिल्यांदा उशिरा येणार म्हणून कळवलं आणि तो घडीबाईच्या गल्लीच्या तोंडाशी एका दुकानाच्या आडोशाला उभा राहिला. आपलं वय, आपला हुद्दा आणि आपण करतोय ते काम यांचा काही मेळ बसत नाही हे त्याला कळत होतं. कुणी पाहिलं तर काय सांगायचं? पण पाय हलत नव्हते. नऊ पस्तीसला ती बाहेर पडली. बरोबर दहा-अकरा वर्षांची एक मुलगी. दोघी भरभर चालत होत्या आणि बोलत नव्हत्या. एका वळणावर मुलीने तिचा हात ओढला आणि तिच्या तोंडासमोर बोटांनी झपझप काहीतरी केलं. घडीबाई थांबली, कपाळाला आठ्या घालून तिने ते पाहिलं, मग सावकाश, चुकत, आपल्या बोटांनी काहीतरी केलं. मुलगी खो खो हसली.

पुढे पिवळ्या रंगाची दुमजली इमारत होती. फाटकावर पाटी होती, कर्णबधिर मुलांची शाळा.

अंगण मुलांनी भरलेलं होतं. पण शाळेच्या अंगणात असतो तसा गलका नव्हता. धावणाऱ्या पायांचा आवाज होता, मधूनच एखादी किंकाळी, एखादं मोठं हसणं. बाकी सगळं बोलणं हवेत चाललं होतं. शंभर हात एकाच वेळी बोलत होते आणि मुकादमाला त्यातलं अवाक्षर कळत नव्हतं. तो फाटकाला धरून बघतच राहिला. आपण लपायचं होतं हे तो साफ विसरला.

"मुकादम?"

घडीबाई फाटकाच्या आत उभी होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्य होतं.

"मी इकडून चाललो होतो," तो म्हणाला.

"इकडून कुठेच जाता येत नाही. पुढे रस्ता बंद आहे."

मुकादमाने मागे वळून पाहिलं. खरंच, भिंत होती. मग तो हसला, आणि बाईही हसली. अकरा वर्षांत ती हसलेली त्याने पाहिली नव्हती, किंवा ती हसायची आणि तो चादरी मोजत असायचा.

"वर्ग दहाला आहे," ती म्हणाली. "पाच-दहा मिनिटं बसा."

अंगणाच्या कडेला बाक होता. दोघं बसली. "कसला वर्ग?" त्याने विचारलं.

"खुणांच्या भाषेचा. आईबापांसाठी. फुकट असतो, रोज दहा ते एक." तिने बोट दाखवलं. "ती चेक्सच्या फ्रॉकमधली माझी मुलगी. चार वर्षं या शाळेत आहे. चार वर्षं बाई चिठ्ठ्या पाठवतायत, वर्गाला या, वर्गाला या. दहा ते एक! मी त्या वेळी तुमच्याकडे चादरी झेलत होते. फुकटच्या वर्गालासुद्धा वेळ लागतोच ना, आणि तो कोण देणार?"

"म्हणजे तुला इतकी वर्षं तिची भाषा येत नव्हती?"

"जेव, झोप, आंघोळ कर, मार खाशील. एवढं यायचं. एवढं तर कुणालाही येतं."

मुकादमाला दारातले बूट आठवले. "आणि मुलीचे वडील? त्यांना येते?"

घडीबाईने हात मांडीवर ठेवले.

"ते नाहीत. पाच वर्षं झाली. लांब एका धरणाच्या कामावर गेले होते, तिकडेच गेले. तिकडेच सगळं उरकलं. मला निरोप आला तेव्हा आठवडा होऊन गेला होता. ही सहा वर्षांची होती. शाळा नाही, खुणा नाहीत. मी तिला कसं सांगणार? मी रडले, आकाशाकडे बोट केलं, डोळे मिटून दाखवले. ती माझ्याकडे बघत राहिली. मग मला वाटलं, कळलं असेल."

"नव्हतं कळलं?"

"दर रविवारी ती त्यांचे बूट काढून पुसायची आणि दाराबाहेर ठेवायची. मला वाटायचं, आठवण म्हणून करते. लहान असून किती समज आहे, असं मी लोकांना सांगायचे." तिने मुलीकडे पाहिलं. मुलगी दोरीवरच्या उड्या मारत होती. "ती वाट बघत होती, मुकादम. पाच वर्षं. येतील तेव्हा लागतील म्हणून बूट बाहेर."

अंगणातला एक चेंडू बाकापर्यंत आला, मुकादमाने तो पायाने परत ढकलला.

"शाळेतल्या बाई दोनदा म्हणाल्या, आम्ही सांगू का तिला? मी म्हटलं, नको. हे मी सांगेन. मीच. पण सांगायला शब्द नकोत? मग हे पैसे सुरू झाले. पहिल्या महिन्यात विश्वास बसला नाही. दुसऱ्या महिन्यात परत आले. तिसऱ्यात मी ॲप्रन तुमच्या टेबलावर ठेवला."

"आणि सांगितलंस?"

"परवा. वर्गाचे फक्त दोन दिवस झाले होते, पण मी बाईंना पहिल्याच दिवशी म्हटलं, मला ही चार वाक्यं आधी शिकवा, बाकीचं मागून. रस्त्याने घोकत घोकत यायचे. बाबा मेले. लांब मेले. येणार नाहीत. मला सांगता आलं नाही." प्रत्येक वाक्याबरोबर तिचे हात हलले. चौथ्या वाक्याला तिने तळहात छातीवर आपटला, बहुधा त्या वाक्याचा तो शब्दच तसा असावा.

"मग? रडली?"

"चिडली. तिने विचारलं, तुला कधीपासून माहीत आहे? मी सांगितलं, पाच वर्षं. मग दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही. ही मुलं अबोला कसा धरतात माहीत आहे? हात खिशात घालतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हात खिशात. जेवतानासुद्धा एकच काढला." घडीबाईचे डोळे भरून आले होते आणि तोंडावर हसू होतं. "काल काढले. आणि जे सुरू झाली! तिने मला विचारलं, तू रोज ओली का यायचीस? तिला वाटायचं मी मासे पकडायला जाते. पाच वर्षांचे प्रश्न साठलेत तिच्याकडे. मला निम्मे कळत नाहीत."

आत कुठेतरी दिवा तीनदा चालूबंद झाला. ही इथली घंटा. मुलं इमारतीकडे धावली.

"बाई," मुकादम उठत म्हणाला, "तुम्ही परत याल का?" तो 'तुम्ही' म्हणाला हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

तिने विचार केला. "दुपारी दोननंतर येईन. मला काम आवडतं, खोटं कशाला बोलू. पण रोलरची दांडी सोडा."

"कोणती दांडी?"

"चादर आत सरकवतात तिथली. हात लागला की रोलर थांबतो ती. तीन वर्षं मागे बांधून ठेवलीय. सरकवायच्या बाजूला माणूस कमी पडला की मलाच तिकडे उभं करता. मी तुम्हाला अकरा वेळा सांगितलं." ती चालायला लागली, मग थांबली. "आधी वाटायचं, बोटं गेली तर काम जाईल. आता बोलणंच जाईल ना."

धुलाईघराकडे येताना मुकादम त्या दांडीचाच विचार करत होता. ती दांडी कुणी बांधली हे त्याला विचारावं लागणार नव्हतं. त्यानेच बांधली होती, एका फाटक्या चादरीच्या पट्टीने, दोन गाठी मारून. दांडी बिघडली होती, हात न लागताही रोलर थांबायचा, काम खोळंबायचं. दुरुस्तीवाला बोलावू, असं तेव्हा ठरलं होतं. मग ते राहिलं. कुणी काही बोललं तर "बघू" म्हणायचं. आणि ऐकणारी पुढे काय करणार? फाटकाबाहेर काम मागणाऱ्या वीसजणी उभ्या असायच्या, हे तिला माहीत होतं आणि त्यालाही.

आता फाटकाबाहेर कोणी नव्हतं.

तो सरळ मालकाकडे गेला आणि सगळं सांगितलं. बुटांचं सोडून सगळं.

"अर्धा दिवस?" मालकाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आणि वर अटी? उद्या प्रत्येक जण अटी घालेल. दुसरी बाई बघा."

"नाही मिळत, मालक. पाच दिवस बघतोय."

"मग नदीपलीकडून आणा. तिकडे फुकटचा पगार नाही."

"आणली होती. दोनशे चादरी परत आल्या त्या तिनेच झेलल्या."

मालक खुर्चीत मागे टेकला. "मुकादम, तुम्हालाही घरी बसायचं असेल तर स्पष्ट सांगा."

हे वाक्य मुकादमाने वर्षातून तीन-चारदा ऐकलं होतं. ऐकलं की पोटात गोळा यायचा आणि तो म्हणायचा, "तसं नाही, मालक." आजही तेच शब्द जिभेवर आले. पण गोळा आला नाही. त्याने एक क्षण वाट पाहिली. नाहीच आला. त्याला त्याचंच कुतूहल वाटलं, दुखरा दात काढल्यावर जीभ तिथे फिरवून पाहावी तसं.

"बसलो तर," तो हळूच म्हणाला, "वर्षभर तरी माझं काही अडणार नाही. गुडघ्यांना बरंच वाटेल. तुमचं अडेल."

मालक त्याच्याकडे असा बघत होता जणू टेबलच बोललं. मुकादमालाही हे कोण बोललं याचा अंदाज नव्हता. तो उठला, खाली गेला, कात्री घेतली आणि रोलरवरच्या पट्टीच्या दोन्ही गाठी कापून टाकल्या.

त्या दिवशी रोलर सदतीस वेळा थांबला. कुणी हात लावला नाही तरी थांबला, कुणी शिंकलं तरी थांबला. बायका हसून बेजार झाल्या. मालक दोनदा खाली येऊन ओरडून गेला. संध्याकाळपर्यंत निम्म्याही चादरी झाल्या नाहीत, तेव्हा मालकाने स्वतःच दुरुस्तीवाल्याला फोन केला.

दुरुस्तीवाला शनिवारी सकाळी आला, रोलरखाली शिरला आणि चिमटीत काहीतरी धरून बाहेर आला. "स्प्रिंग गेलीय. एवढीशी."

"किती वेळ लागेल?" मुकादमाने विचारलं.

"अर्धा तास. चहा दिलात तर पाऊण."

मुकादम तिथेच एका उलट्या टोपलीवर बसला आणि तो अर्धा तास त्याने पुरा पाहिला. तीन वर्षं, आणि अर्धा तास. चहाही दिला.

घडीबाई मंगळवारपासून दोननंतर येऊ लागली. मालक तिच्याकडे बघायचा नाही, पण हॉटेलने चादरी परत पाठवणं थांबवलं हे त्याने पाहिलं. पुढच्या दोन महिन्यांत आणखी दोघींनी अर्धा दिवस मागितला. एकजण कायमची गेली, तिला तिच्या बहिणीबरोबर खानावळ काढायची होती. मालकाने आदळआपट केली, मग ताशी दर वाढवला, एका हॉटेलचं काम सोडून दिलं, आणि प्रयोग संपायला किती महिने उरले ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवायला लागला. सगळंच गोड झालं असं नाही. घडीबाईच्या गल्लीत घरमालकांनी भाडं वाढवायचा घाट घातला. गल्लीतली माणसं एकत्र जाऊन भांडली. काही घरांत भाडं वाढलं, काहींत नाही.

आणि मुकादमाला नवंच व्यसन लागलं. तो विचारायला लागला. पाळी संपली की कुणाला तरी गाठून म्हणायचा, "खरं सांग, तू काय करतेस त्या पैशाचं?" एकीने दात बसवून घेतले होते. एक म्हणाली, सासूला आणि मला आता वेगवेगळ्या खोल्या आहेत, घर शांत झालं. एकीने सांगितलं, काहीच नाही, नुसती झोप लागते. रोलरवरच्या सगळ्यात आडदांड बाईने सांगितलं की ती दर महिन्याला एक चांगलं टरबूज घेते आणि एकटीच खाते, कुणाला देत नाही. मुकादमाने प्रत्येकीचं मान हलवून ऐकलं. दोन उत्तरं सारखी आली नाहीत.

मेहुण्यालाही त्याने विचारलं. ओरडला नाही, पलंगाच्या कडेला बसून विचारलं. "दिवसभर काय करतोस रे?"

"काही नाही, दाजी," मेहुणा प्रामाणिकपणे म्हणाला. "गोदामात दहा वर्षं खोकी उचलली. पाठ सरळ व्हायला किती दिवस लागतात ते बघतोय."

"आणि मग?"

"मग काय ते माहीत नाही." तो कुशीवर वळला. "त्याचीच जरा भीती वाटते."

तो अजूनही पलंगावरच असतो. त्याचं काय करायचं हे कुणालाच कळलेलं नाही.

सरकारकडून पाहणीला आलेल्या बाईने मुकादमाला विचारलं, "अशा पैशाने माणसं आळशी होतात का? हो किंवा नाही." तीन महिन्यांपूर्वी त्याने तिला एका शब्दात वाटेला लावलं असतं. आता तो इतका वेळ बोलला की बाईने पेन खाली ठेवलं. शेवटी तिने "सांगता येत नाही" अशा चौकोनात खूण केली. ते त्याला पटलं नाही. सांगता येतं, तो म्हणाला, पण एकेकाला विचारावं लागतं.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर त्याच्या लक्षात आलं की एकीला विचारायचं राहिलंय. बायको भाजी निवडत होती. तो समोर बसला.

"अगं, तुझे पैसे येतात त्यांचं तू काय करतेस?"

"ठेवलेत," ती म्हणाली. "तुम्ही हात लावत नाही, मग मी कशी लावू?"

हे त्याला बोचलं. त्याच्या तत्त्वाचा भार तीही वाहत होती आणि तिला कुणी विचारलं नव्हतं. "आणि लावायचा म्हटलंस तर? काय करशील?"

"हसाल तुम्ही."

"नाही हसत."

तिने एक काडी मोडली, दुसरी मोडली. "आपल्या कोपऱ्यावरून सात नंबरची बस जाते ना. मी बाजारापर्यंत जाते, तिसऱ्या थांब्याला उतरते. वीस वर्षं झाली. बस पुढे जाते. मला बघायचंय ती कुठे संपते."

तो हसला नाही. "अगं, पण त्याला पैसे कुठे लागतात?"

"दिवस लागतो," ती म्हणाली.

पुढच्या सोमवारी त्याने रजा घेतली, पगार कापून. मालकाने सही केली. सकाळी दोघं सात नंबरमध्ये बसली. बायको खिडकीशी. तिसरा थांबा आला, चारजण उतरले, ती उतरली नाही, आणि बस सुटल्यावर तिने मुकादमाकडे असं पाहिलं जणू दोघांनी मिळून काही चोरलंय. मग विटांची भट्टी लागली. मग एक लांबलचक भिंत, तिच्यावर कुणीतरी घोडे रंगवले होते. मग पाणी, आणि पाण्यावर बगळे. "हे आपल्या इतक्या जवळ होतं?" ती सारखी म्हणत होती. शेवटच्या थांब्यापर्यंत बसमध्ये ते दोघं आणि वाहकच उरले.

तिथे काहीच नव्हतं. बस वळायला एक गोल, एक बाकडं, एक चिंचेचं झाड आणि पुढे दूरवर गेलेली एक पायवाट.

"परत निघायला वीस मिनिटं आहेत," वाहक म्हणाला.

मुकादमाला वाटलं, ती हिरमुसेल. तो तिच्या तोंडाकडे बघू लागला. तिने झाडाला एक फेरी मारली, बाकड्यावर बसून पाहिलं, उठली आणि पायवाटेच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली.

"अहो," तिने हाक मारली, "ही कुठे जाते?"

मुकादमाने वाहकाकडे पाहिलं. वाहकाने खांदे उडवले.

"यानंतरची बस किती वाजता?" मुकादमाने विचारलं.

"दीडला."

"मग तुम्ही निघा," तो म्हणाला आणि बायकोच्या मागे चालू लागला.